सेकंदभराचा अंधार

प्रिय वैजू,

माझं सगळं फिरलं ते गणपती बसले त्या दिवशी दुपारी साडेचारला, तू आरतीच्या ताटात बघत राहिलीस तेव्हा. तुझ्या वडिलांचं बोलणं मी पचवलं असतं. तातेराव मस्तगडातल्या मंडळाचे अध्यक्ष. माइक हातात आला की ते कुणालाही सोडत नाहीत. पण तुला सगळं ठाऊक होतं, आणि तू तोंड उघडलं नाहीस.

ठाऊक कसं नसणार? ती गाडी मी सगळ्यात आधी तुलाच दाखवली होती. औरंगाबादला कॉलेजच्या लायब्ररीत एका मासिकात सापडलेली, टोकियोत जमिनीखालून धावणारी केशरी-पिवळी बोगी. गेल्या वर्षीच तिथल्या लोकांनी ती कायमची बंद केली. तिच्या डोक्यावर तार नाही. बोगदा बुटका, म्हणून वीज घ्यायची ती रुळाशेजारच्या तिसऱ्या रुळातून. रूळ बदलायचा सांधा आला की तो तिसरा रूळ तेवढ्या जागी तुटक असतो, आणि स्टेशनच्या जरा अलीकडं डब्यातले दिवे सेकंदभर जातात. लगेच भिंतीवरचे छोटे दिवे लागतात. तू चित्रावर बोट ठेवून म्हणालीस, "आगं बया, म्हंजी अंधार बी आधीच मोजून ठेवलाय का त्यांनी?" कॉलेजातल्या एकाही मास्तराला हे असं बोलता आलं नसतं. त्या दिवसापासून मी कामातून गेलो. तुला बघायला बदनापूरचे पाहुणे येणार हे कानावर आलं आणि परीक्षेच्या आदल्या दिवशी मी एसटीत बसलो. कॉलेज सुटलं ते सुटलंच.

तुला मागायला तुझ्या वडिलांसमोर उभा राहिलो तर म्हणाले, "आधी कायतरी करून दाखव, मंग बोलू." म्हणून यंदाचा देखावा मी मागून घेतला. बावीस दिवस प्लायवूड कापत होतो. लोकांनी खऱ्या प्रवाशासारखं दारातून आत यायचं, समोरासमोरच्या लांब बाकड्यांमधून चालत जायचं, आणि ड्रायव्हरच्या जागी गणपती. भिंतीवरच्या दिव्यांना तोंडाला लावायच्या स्नोच्या पांढऱ्या बरण्या तू धुऊन दिल्यास. ते दिवे अप्पारावांच्या ट्रॅक्टरच्या बॅटरीवर जोडले होते. दिवे मुद्दाम जाणार, घाबरू नका, असं मी तुझ्या वडिलांना दोनदा सांगितलं. ते हार निवडत होते. "बराबर, बराबर," म्हणाले.

मंग काय झालं ते सगळ्या जालन्यानं बघितलं. दिवे गेले, बरण्या उजळल्या, अगदी चित्रातल्यासारख्या. पण भिंतीकडं बघतंय कोण! दिवसातून चारदा वीज जाते आपल्याकडं. आख्खी बोगी एका सुरात ओरडली, "लाईट गेली!" ते ऐकून मांडववाल्या भुजंगचे हात आपोआप चालले. बोर्डात वीज होतीच, तरी मेन स्विच पाडायचं सोडून त्यानं जनरेटरची वायर थेट त्यात खुपसली. फाडकन आवाज, धूर. उद्घाटनाला आलेले अण्णासाहेब माझी खिडकी चौकटीसकट गळ्यात घालून बाहेर पडले. तुझ्या वडिलांनी माइक घेतला. "अर्धवट शिकलेल्याच्या हाती वायर दिली की असंच व्हतंय! ह्याच्या भरवशावर कुणी म्हैस बी बांधू नये!" माणसं खदाखदा हसली. भुजंगसुद्धा हसला. "दिवे जाणारच होते," एवढे तीन शब्द तुला बोलायचे होते, वैजू. तुमच्या घरात पोरींनी चारचौघांत बापाच्या शब्दावर बोलायचं नसतं, माहीत आहे मला. मंग बरण्या धुताना कशाला म्हणालीस, मी तुझ्या बाजूनं उभी राहीन?

आज सकाळी तुमच्याकडं पोळ्या लाटणाऱ्या नंदाबाई पाकीट घेऊन आल्या. आत मंडळासाठी माफीनामा. "माझ्या हातून वायरिंगमध्ये चूक झाली, सर्वांसमोर माफी मागतो." अक्षर तुझं. खाली माझं नाव, सहीला जागा सोडलेली. वरती टाचणीनं चिठ्ठी: "सही कर. आबा मऊ झालेत. दसऱ्याला बोलणी करतील." म्हणजे एका सहीत तू. काय वाटलं असेल मला? खोटं कशाला बोलू, सही केली मी. वाळेपर्यंत फुंकर घातली. मंग परत वाचलं आणि बारीक तुकडे केले. चूक झाली न्हाई माझ्या हातून. तुझ्या वडिलांनी तर ऐकलंच नव्हतं; हे जगात दोघांनाच ठाऊक आहे, आणि त्यातल्या एकीनं हा कागद लिहिलाय. उद्या जावई म्हणून तुमच्या ओसरीवर जेवायला बसलो, तर तू वाढायला वाकलीस की मला हेच अक्षर दिसणार. तुकडे ह्याच पाकिटात घातलेत. बदनापूरच्यांना होकार दे, नाहीतर नको देऊ. मला कळवू नकोस. अंबडला पंपाच्या जळालेल्या मोटारी तारेनं भरणाऱ्याकडं काम धरलंय. नंदाबाई उत्तर न्यायला उंबऱ्यात उभ्या आहेत, "जल्दी कर रे बाबा," म्हणतात. पाकीट त्यांच्या हातात देतो, पिशवी उचलतो, बाहेर पडतो आणि दार ओढून घेतो.

तुझाच (खोडायला वेळ नाही),
मच्छिंद्र