क्वालिटी ऑफ लाइफ, उघाडीलगत

१५ मे २०१२
रिटायर झालो आणि रोह्याचं बिऱ्हाड सोडून इथे, पेणच्या खाडीकाठी आलो. क्वालिटी ऑफ लाइफ! हे घर दाखवताना कमळाकर एजंट म्हणाला होता, उघाडीला लागूनच आहे. उघाडी म्हणजे मोकळीच जागा असणार. शब्दातच वारा आहे. बायको, सुहासिनी, रोह्याला शाळेत शिकवते. रविवारी पाहायला येईल. राहण्यासारखं वाटलं तर पेणला बदली मागीन म्हणाली. वाटणारच.

१६ मे
नळ कोरडा. शेजारच्या बायजाबाई म्हणाल्या, नल हाय, पानी नाय. परवा येल, नायतर तेरवा. मी बोअर मारून घेतली. गावात एकानंही मारलेली नाही. लोकांत पुढाकारच नाही.

१७ मे
बोअरला पाणी लागलं! चहा फाटला. दूधवाला बदलला.

१८ मे
नव्या दूधवाल्याचंही दूध फाटलं. पाणी किंचित खारट आहे, पण मिनरल्स असतात. बायजाबाईंनी न मागता गोड्या पाण्याची कळशी आणून दिली. गरज नव्हती. संपली. उद्या आणतील बहुधा.

१९ मे
लाइट नाही. डास. वारा आहे, पण त्याला वास आहे. घरालगत खाडीचा बांध, बांधात एक लाकडी झडप आणि झडपेच्या आत साचलेलं काळं पाणी. सुहासिनीला वास चालत नाही. झडप सांभाळणाऱ्या नाथाला म्हटलं, उघड. नाय म्हणाला. उद्या आमुशा हाय, सायेब. अमावास्येला दार उघडायचं नाही! २०१२ साली! डोकं आपटावंसं वाटतं.

२० मे, सकाळी ७
झडप मीच उचलली. काळं पाणी भराभर खाडीत गेलं. वास बंद. गावात शिकलेला माणूस लागतो तो यासाठी.

२० मे, संध्याकाळी
दुपारी अमावास्येचं उधाण आलं. खाडी झडपेतून माझ्या घरात, तिथून नाथाच्या शेतात. त्या झडपेलाच इथे उघाडी म्हणतात, हे कोणीतरी आधी सांगायला हवं होतं. झडपेचं तोंड बुजवायला लोक चिखलात उतरले. सुहासिनी बाराच्या एसटीनं उतरली, पदर खोचला आणि घमेल्यानं माती टाकू लागली. नाथा ओरडला नाही. जमीन खारली, औंदा भात नाय व्हायचा, एवढंच म्हणाला. ओरडला असता तर बरं झालं असतं. फार वाईट वाटलं. चूक अर्थात कमळाकरची.

२१ मे
सुहासिनी रात्री बायजाबाईंकडेच राहिली. आज निकाल सांगितला. गाव राहण्यासारखं आहे, माणसं चांगली आहेत, बदली मागते. म्हटलं नव्हतं? बायजाबाई तिला माडीवरची खोली देणार आहेत. रोह्याचं बिऱ्हाड मी सांभाळायचं, असं ठरलं. माझं सामान टेम्पोत चढवायला नाथा आला. सगळं गाव आलं.