आईचं मत

माझ्या लाडक्या आईस,

बायकांना मत मिळालं हे कळलं आणि मी गोदीत टोपीच उडवली. तुम्ही धोबीखान्यातल्या बायका इस्त्र्या थंड ठेवून मोर्चाला गेलात, तेव्हा गल्ली फिदीफिदी हसली होती. आता हसा म्हणावं!

पण बाबांनी पत्रात लिहिलंय, "आता घरात दोन मतं झाली, दोन्ही माझीच. मी सांगेन तिथेच ती शिक्का मारेल." ते मोठ्याने म्हणत लिहीत असताना तू शेजारी बसून मान डोलावली असशील, हे मला इथूनही दिसतं.

आई, मत देताना पडद्याआड दुसरं कुणी नसतं. बाबासुद्धा नसतात. घरी त्यांना खुशाल हो म्हण आणि आत गेल्यावर मनाला येईल तिथे शिक्का मार.

एवढं लिहून झाल्यावर माझ्या डोक्यात प्रकाश पडला. तुला वाचता येत नाही आणि माझी पत्रं तुला वाचून दाखवतात ते बाबाच! तेव्हा हे पत्र माझ्या खिशातच राहू दे. मुकादमाच्या हातापाया पडून रजा काढलीय. मतदानाला मीच येतो आणि हे तुझ्या कानात सांगतो. बाबांना बाहेर गप्पांत गुंतवून ठेवीन, तू आत सावकाश वेळ घे.

कुणाला दिलंस ते मात्र मलाही सांगू नकोस.

तुझा,
पायाला भिंगरी लागलेला लेक