टिटवाळ्याच्या रायफलचा बफर

६ फेब्रु., शुक्र.
सकाळभर दुकानात कुणी नाही. परवान्यांच्या नूतनीकरणाचे दोन फोन, बस. दुपारी टिटवाळ्याहून एक म्हातारे आले, बाळाराम तात्या. सत्तरीच्या पुढचे, बांधा अजून घट्ट. चादरीत गुंडाळलेली पॉइंट टू-टू रायफल. जुनी, परदेशी, एक गोळी सुटली की दुसरी आपोआप चढणारी. परवाना पाहिला, नंबर जुळवला. ठीक. वडिलांनी भातावर येणाऱ्या डुकरांसाठी घेतलेली, त्यांच्यामागे परवाना यांच्या नावावर. निवडणुकीत पो. स्टे.ला जमा होती, आता सुटली.
उघडून बघितली. बफर संपलाय. गोळी सुटल्यावर बोल्ट, आतला सरकता लोखंडी ठोकळा, जोरात मागे येतो, तो धक्का झेलणारा रबराचा तुकडा. तेल पिऊन पिऊन सडलेला. चिमटीत धरला तर ओल्या गुळासारखा चुरा झाला. आता लोखंडावर लोखंड.
आठवडा लागेल म्हटलं. ते म्हणाले, "बाय, घाई नाय. पन कवा, त्या सांग." घाई नाही आणि कवा, दोन्ही एकदम.

९ फेब्रु., सोम.
या रायफलचे पार्ट आता कुठेच नाहीत. दिल्लीला विचारलं, हसले. वागळे इस्टेटमधून पॉलियुरेथेनचा, रबरासारखा पण चिवट, दांडा आणला, तुकडा कापून घासून बसवायचा. आप्पा, माझे वडील, चामड्याच्या चकत्या एकावर एक चिकटवून करायचे. त्यांच्या हातचे दोन-तीन बफर अजून चालू असतील कुणाकुणाकडे.
एक गोष्ट खटकली. बफर जिथे बसतो त्याच्या मागच्या भिंतीवर ठेचल्याच्या खुणा. दोन-तीन. चकचकीत, गंज नाही. म्हणजे बफर गेल्यावर कुणीतरी रायफल चालवली आहे, आणि फार जुनी गोष्ट नाही. तात्या म्हणालेले, वडील गेल्यापासून एकही गोळी उडवली नाही.
असेल. म्हातारी माणसं विसरतात.

१० फेब्रु., मंगळ.
संध्याकाळी एक मुलगी आली. तिशीची असेल, ओढणी तोंडाला बांधलेली, आत आल्यावर सोडली. रेश्मा. तात्यांची सून. पाणी दिलं तर ग्लास नुसता हातात धरून बसली.
म्हणाली, "ताई, ती रायफल परत देऊ नका."
मग सगळं सांगितलं. नवऱ्याने, नितेशने, जमीन बिल्डरला द्यायची ठरवलंय. तात्या सही करत नाहीत. दिवाळीनंतर मोजणीवाले आले तेव्हा तात्या पडवीत रायफल मांडीवर घेऊन बसलेले. गोळी सुटली. कुणाला लागली नाही. चार वर्षांची मुलगी घरात होती, ती अजून दार आपटलं की कान झाकते, आजोबांजवळ जात नाही.
तक्रार का नाही केली विचारलं. म्हणाली, घरातल्याच माणसावर कशी करू. फक्त सांगा की पार्ट मिळत नाही. एवढंच सांगा.
मी हो म्हणाले नाही. नाहीही म्हणाले नाही. ती गेल्यावर लक्षात आलं, कोणी उडवली ते तिने सांगितलंच नाही. गोळी सुटली, एवढंच.

११ फेब्रु., बुध.
जाधव हवालदारांना फोन. आप्पांच्या वेळेपासूनची ओळख. तक्रार नसेल तर काही करता येणार नाही म्हणाले. परवाना चालू, मालक मागतोय, तुम्हाला द्यावी लागेल. मग थोडं थांबून, दुरुस्ती झाली नसेल तर झाली नाही, मॅडम, त्यात आम्ही काय बोलणार.
सतीशला जेवताना सांगितलं. म्हणाला, देऊन टाक आणि मोकळी हो, दुसऱ्यांच्या भांडणात तू कशाला. आणि आपल्या ईशासमोर नको हा विषय, दहावी तोंडावर आहे तिची.
बरोबर आहे त्याचं. पण उद्या पेपरात आलं तर? टिटवाळ्यात अमुक अमुक. बंदूक नुकतीच दुरुस्त करून आणलेली.

१३ फेब्रु., शुक्र.
तात्यांचा फोन. मटेरियल आलं नाही म्हणून सांगितलं. कापलेला बफर समोर टेबलावर. इतक्या वर्षांत गिऱ्हाइकाशी खोटं बोलले नाही असं नाही, पण ते कामाच्या तारखांचं. हे वेगळं.
ते म्हणाले बरं. एवढंच.

१६ फेब्रु., सोम.
न सांगता आले. समोरच्या स्टुलावर बसले. चहा घेतला. एकटीच होते दुकानात. मागच्या लोखंडी कपाटात रायफल, किल्ली माझ्या कमरेला, आणि ती किल्ली त्यांना दिसतेय असं सारखं वाटत होतं. ओढणी पुढे घेतली.
मग म्हणाले, "माजे घरचा कोनी आलेला का इथं?"
नाही म्हणाले. फार लवकर म्हणाले.
माझ्याकडे बघत राहिले. राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. उठताना कप स्वतः मोरीत नेऊन ठेवला.
शटर ओढून कुलूप दोनदा लावलं. स्टेशनपर्यंत नेहमी चालत जाते. आज रिक्षा.

१८ फेब्रु., बुध.
मुलगा आला. नितेश. इस्त्रीचा शर्ट, गोड बोलणं, आल्या आल्या ताई. आप्पांचा फोटो बघून हात जोडले. वडिलांना आता प्रवास झेपत नाही, मी घेऊन जातो रायफल. म्हटलं, परवाना ज्याच्या नावावर त्यालाच देता येते. हो हो, माहीत आहे, म्हणाला, सहज विचारलं.
मग काउंटरवर दोन्ही कोपर टेकून, तसाच हसत, "रेश्मा आलेली ना? घाबरट आहे ती. काहीही बोलते."
मी म्हटलं, इथे बरीच माणसं येतात.
जाताना दारातून वळून विचारलं, बफर नसला तरी एखादी गोळी तर सुटते ना?
काय सांगायचं याला. सुटते. मागच्या भिंतीवरच्या खुणा डोळ्यांसमोर आल्या. म्हटलं, सुटली तरी चालवणाऱ्याच्याच तोंडावर यायची. ते ऐकून पुन्हा हसला.
आता तात्यांची भीती आणि याची भीती यातली कोणती खरी, कळत नाही. रेश्माने स्वतःहून सांगितलं की नितेशने पढवून पाठवलं? मला तेव्हा तिच्या हातातला ग्लास दिसत होता. ग्लास खरा होता. बाकीचं माहीत नाही.

१९ फेब्रु., गुरु.
शिवजयंती. नौपाड्यात मिरवणूक, दुकान बंद. रेश्माला फोन लावला, उचलला नाही. मग मेसेज आला. ताई आता फोन करू नका.
खालून फटाके वाजले तेव्हा मी पोळी लाटत होते. लाटणं सुटलं हातातून. ईशा म्हणाली, आई, तुला काय झालंय? काही नाही म्हटलं. तिने लाटणं उचलून दिलं आणि तिथेच ओट्याशी उभी राहून पुस्तक वाचू लागली. आत गेली नाही.

२१ फेब्रु., शनि.
बफरचं काम. बसवून पाहिला, किंचित जाड. घासला.
एक विचार आला तो लिहून ठेवते. बफर न बसवताच दिली तर? वरून कळणार नाही. कदाचित पहिल्याच गोळीला मागची भिंत चिरेल, ज्याच्या गालाशी असेल त्याचा गाल. मग जो कोणी कुणावर रोखेल त्याला तिथल्या तिथेच.
हा विचार मी शांतपणे केला. हातात कानस, काम चालू, आणि डोक्यात हे. ज्यांना घाबरतेय त्यांच्याहून मला त्या वेळची मी भयानक वाटली.
आणि म्हाताऱ्याने स्वसंरक्षणासाठी उचलली तर? किंवा पोरीने खेळताना? बफर माणूस बघत नाही. बसवायचाच.

२३ फेब्रु., सोम.
तात्या आले. या वेळी मीच स्टूल आत, कामाच्या खोलीत ठेवलं. दार उघडं ठेवलं. रायफलचे सुटे भाग टेबलावर मांडलेले. मागच्या भिंतीवर टॉर्च मारून त्यांना खुणा दाखवल्या आणि विचारलं, ही कोणी चालवली?
बराच वेळ त्या खुणांवर अंगठा फिरवत बसले.
"पोरानं," म्हणाले. "मी आंब्याखाली बसलेलो. माजे डोक्यावरची फांदी तोडली त्यानं. म्हंगं हसला. सही कर म्हनून बोलला नाय. नुसता हसला."
मोजणीवाले? मोजणीवाले त्या दिवशी नव्हतेच. नंतर आले. तेव्हा तात्या रायफल मांडीवर घेऊन बसले ते खरं. उडवायला नाही, त्याच्या हाती लागू नये म्हणून. निवडणुकीची जमा करायची नोटीस आली तेव्हा बरं वाटलं म्हणाले. ती पो. स्टे.ला होती तेवढे दिवस झोप लागली.
मग परत का हवी, विचारलं.
म्हणाले, ती माझ्याकडे नाही हे त्याला कळलं की तो दुसरं काहीतरी आणेल. ती माझ्याकडे आहे, चालू आहे, हे कळलं तर थांबेल.
म्हटलं, किंवा नाही थांबणार.
"त्या पन खरा हाय," म्हणाले.
आणि मग, "रेशमा खोटी नाय, बाय. तिला जे सांगितलंय त्याच ती सांगते. ती मना भिते. माजे ताटात वाढताना पन लांबून वाढते."
डोळ्यात पाणी वगैरे काही नाही.
मी त्यांच्यावर विश्वास ठेवला. घरी येताना पुन्हा वाटलं, नितेशनेही असंच नीट सांगितलं असतं.

२४ फेब्रु., मंगळ.
बफर बसवला. बोल्ट मागे ओढून सोडला. आवाज बदलला. आधी हातोडीसारखा ठण्, आता जाड, बुजलेला. डमी गोळ्या घालून फिरवून पाहिली, अडत नाही. चांगलं काम झालंय. नेहमी अशा वेळी बरं वाटतं.
तात्यांना फोन करून सांगितलं, झाली. आणि दुसरी गोष्ट सांगितली. घरी न नेता माझ्याकडेच रीतसर जमा ठेवता येते, तसा कायदा आहे, माझ्या परवान्यात बसतं. पो. स्टे.ला कळवायचं, बस. तुमचीच राहील, घरात नसेल. नातीलाही भीती नाही.
विचार करतो म्हणाले.
सतीश चिडला. म्हणाला, म्हणजे आता त्यांचा तो मुलगा रायफलसाठी तुझ्याकडे येणार. त्यांच्या घरातली कटकट तू आपल्या दुकानात आणून ठेवतेयस.
मी ताटं उचलली.

२७ फेब्रु., शुक्र.
तात्या आले, सोबत रेश्मा आणि नात. मला अपेक्षा नव्हती. रेश्मा माझ्याकडे बघेना. तात्यांनी अर्जावर सही केली. रायफल कपाटात ठेवताना त्यांना बघायला बोलावलं. त्यांनी दस्त्यावरून एकदा हात फिरवला, बाजूला झाले. कुलूप लावलं.
नातीला बिस्किट दिलं. आजोबांच्या धोतराला धरून खात होती. जिला त्यांची भीती वाटते असं मला सांगितलेलं ती हीच.
तात्या चपला घालायला बाहेर गेले तेव्हा रेश्मा पटकन म्हणाली, "ताई, मला आता तुम्ही विचारू नका कोण खरं." आणि, पोरीला घेऊन एक-दोन दिवसांत माहेरी मुरबाडला जातेय. कधी येणार सांगितलं नाही.
चला. बंदूक त्या घराबाहेर. इतक्या दिवसांनी आज जेवण चवीने गेलं.

१ मार्च, रवि.
दुपारी तात्यांचा फोन. सोमवारी रायफल परत न्यायला येतो. नितेश गाडीने आणणार आहे.
का, विचारलं. घरचं ठरलंय म्हणाले. आवाज सपाट, एखादं वाचून दाखवावं तसा. रेश्मा? ती गेली काल. पोर पण.
म्हटलं, तात्या, तुम्हाला स्वतःला हवी आहे का?
पलीकडे पंख्याचा आवाज. मग नितेशचा. "ताई, ते थकलेत जरा. उद्या येतोच आम्ही." ठेवला.
जाधवांना फोन. होळीचा बंदोबस्त, सगळे रस्त्यावर. जमलं तर चक्कर मारतो म्हणाले. जमलं तर.

२ मार्च, सोम.
पहाटेपासून जागी. कायदा सरळ आहे. मालक येईल, परवाना दाखवेल, मागेल, द्यायची. मी दिली तर मी कुठेच चुकत नाही. हे स्वतःला इतक्यांदा सांगून झालं की आता ऐकूच येत नाही.
ठरवलंय एवढंच. कामाच्या खोलीत फक्त परवानाधारक. मुलगा बाहेर बसेल. दार लावून घेणार आणि तात्यांना एकच विचारणार, नेता का ठेवता. ठेवतो म्हणाले तर किल्ली माझ्या कमरेची सुटणार नाही, मग बाहेर काय व्हायचं ते होवो. नेतो म्हणाले तर द्यावी लागेल. आणि ते जे म्हणतील ते त्यांचंच असेल की बाहेर बसलेल्याचं, हे मला त्यांच्या तोंडाकडे बघून ओळखता येईल का, माहीत नाही. गेले तीन आठवडे मला कुणाचंच ओळखता आलेलं नाही.
चहा तसाच गार झाला.
सतीशने बँकेत रजा टाकली. म्हणाला, मी येतो दुकानात, कोपऱ्यात पेपर वाचत बसेन, बोलणार नाही. मी नको म्हटलं नाही.
दोघं निघतोय.