बारा गॅलन पाणी

५ जून १९६१, सोमवार. ग्रां बे.

पेती राफ्रे गावातल्या आमच्या घराला कुलूप लावलं, किल्ली मेव्हण्याच्या हातात दिली आणि सकाळी साडेनऊला मी आणि माझी बायको हिरा बोटीवर राहायला आलो. हवा छान आहे. बोट लांबीला बावन्न फूट, रुंदीला चौदा. (मालकाच्या कागदावर पन्नास लिहिलंय. मी दोरी लावून मोजली.) किनाऱ्यापासून दोनशे यार्डांवर, दोन नांगरांवर उभी.

मालक म्हणजे बो बासें गावचे गोरे साहेब, आम्ही म्यूस्ये म्हणतो; ऑगस्टपर्यंत ते फ्रान्सला. तोवर इंजिन, जनरेटर, पंप माझ्याकडे. चादरी, पडदे, टेबलाची कापडं हिराकडे. परत आल्यावर सगळं चोख दिसलं तर बोटीचा मेकॅनिक म्हणून मला कायम ठेवणार. साखर कारखान्यात तेवीस वर्षं बिघाड मी शोधला आणि सही सर्टिफिकीटवाल्यानं केली. चार यत्तांवर सर्टिफिकीट मिळत नाही. बाकी सगळं मी यंत्रं उघडून शिकलो. इथं सही माझी असेल : इंद्रदेव, मेकॅनिक.

आणि बोटीवर कपडे धुण्याचं विजेचं यंत्र आहे! पांढरं पिंप, मध्ये तीन पात्यांचा खुंट, तो अर्धा फेरा इकडे अन् अर्धा फेरा तिकडे घेतो. वर पिळायला दोन रबरी रूळ. हिरा त्याच्याभोवती फिरून म्हणाली, म्हणजे आता नदीवर माझा दगड एकटाच बसणार. चोवीस वर्षं तिनं दगडावर कपडे आपटलेत. मी सांगितलं, आता तू नुसती बघत बस.

रोजनिशी मराठीत लिहितो. बेटावरच्या आमच्या मराठी लोकांच्या बैठकेत, संध्याकाळच्या शाळेत, गिरवलेली अक्षरं मोडू नयेत म्हणून, आणि म्यूस्येंना वाचता येऊ नये म्हणूनही.

७ जून, बुधवार.

यंत्र जागेवर राहत नाही. लाट आली, बोट जरा कलली की थरथरत पुढे सरकतं. आज सहा मिनिटांत दारापर्यंत आलं. हिरा म्हणाली, त्यालाही घरी जायचंय. मला हसू आलं नाही. लॉरीच्या टायरचे चार तुकडे कापून पायांखाली दिले, दोन बाजूंना लाकडी पाचरी ठोकल्या. सरकणं थांबलं.

मग मोटर नुसती गुणगुणायला लागली. जनरेटर कमी पडत होता. त्याचा वेग वाढवला, पट्टा पाऊण इंच ताणला. मोटर फिरली. माहितीपुस्तकात यातलं एक अक्षर नाही. ते लिहिणारा कधी बोटीवर राहिला नसेल.

१० जून, शनिवार.

समुद्राच्या पाण्यात निळा साबण फेसच धरत नाही, दह्यासारखा फुटतो. म्हणजे गोडं पाणी हवं. एका धुण्याला बारा गॅलन, खळबळायला आणखी बारा. हिराचा धाकटा भाऊ चंद्रमोहन त्याच्या पिरोगीतून, लहान होडीतून, पिंपं भरून आणतो, वल्हवताना मला ऐकू येईल इतक्या मोठ्यानं कण्हतो. म्हणाला, भावजी, एवढ्या पाण्यात मी गाय, वासरू आणि बायको, तिघांना धुऊन काढीन. हिरानं त्याला ओला फडका फेकून मारला.

दुसरी कटकट म्हणजे पाणी बाहेर जायची नळी समुद्राच्या पातळीखाली आहे. झडप उघडली की आतलं जायच्या आधी समुद्र आत येतो. ज्यानं ही नळी बसवली त्याला सर्टिफिकीट नक्की असणार.

मी नळी बंदच करून टाकणार. धुण्याचं पाणी हातपंपानं गाळणीत, गाळणीतून टाकीत, टाकीतून परत यंत्रात. गाळणीत खाली प्रवाळाची खडी, मग वाळू, वर कोळसा. तेच पाणी पुन्हा पुन्हा. बोटीबाहेर एक थेंब जाणार नाही.

चंद्रमोहन सांगत होता, आधी इथं धुणं करणारी बाई होती. दोन वर्षं होती, पण ती दिसायला कशी होती ते गावात कुणालाच आठवत नाही. मी म्हटलं, तुम्हा कोळ्यांना मासे सोडून कुणाचं तोंड आठवतं?

१४ जून, बुधवार.

गाळणी चालली! टाकीतलं पाणी ग्लासात धरून उन्हात पाहिलं. काचेसारखं. बारा चादरी, आठ उशांचे अभ्रे झाले. चादर यंत्रातून काढून रुळांत सरकवायची ती हिरानंच, कोपरापर्यंत हात पाण्यात घालून. मला ती नीट सरळ देता येत नाही. तिनं दाखवलं, तरी जमलं नाही.

एका चादरीवर फिकट हिरवा डाग. तांब्याच्या नळीचा हिरवा गंज. उद्या नळी बदलतो.

१६ जून, शुक्रवार.

नळी बदलली. डाग पुन्हा आला, जास्त गडद. गाळणी उपसून नवी भरली, कोळसा दुप्पट. सबंध दिवस गेला.

१९ जून, सोमवार.

आज डाग स्पष्ट आला : पाच ठिपके, वर एक झुडूप. कुणीतरी रंगीत फडकं यंत्रात टाकलं हे उघड आहे, आणि बोटीवर मी सोडून एकच माणूस आहे. हिराला बोललो. जास्तच बोललो. म्यूस्येंच्या चादरी आहेत, तुझ्या बापाच्या घरचं धोतर नव्हे, असं म्हणालो.

तिनं डावा हात माझ्यापुढे धरला. हात कोरा होता.

लग्नाआधी तिच्या आजीनं रिव्हिएर दू रांपार गावी तिला गोंदवून घेतलं होतं. मनगटाच्या वर तुळस, खाली पाच ठिपके. मेल्यावर बाईचे दागिने उतरवून घेतात, गोंदण तेवढं बरोबर येतं, म्हणून. चोवीस वर्षं ते माझ्या ताटात भात वाढताना माझ्यासमोर यायचं.

साबणात सोडा जास्त आहे, त्यानं कातडी सोलवटली असणार. उद्यापासून साबण निम्मा. तिला म्हटलं, घाबरू नकोस, मी बघतो.

२२ जून, गुरुवार.

साबण निम्मा केला. तरी —

उशीच्या एका अभ्र्यावर सुरकुती आहे. दोन इंच लांब, वाकडी. हिरानं चार वेळा इस्त्री फिरवली, मग मी फिरवली. बसत नाही. बोट लावलं तर उंचवटा लागतो, आणि त्याच्या कडेची कापडाची कातडी — कातडी लिहिलं मी — कडेचं कापड गुळगुळीत.

हा आकार मला पाठ आहे. पहिल्या दिवाळीत कढईचं तेल तिच्या उजव्या तळव्यावर सांडलं होतं. मीच बोटीतल्यासारखी डुगडुगती चूल बांधली होती. तिचा तळवा पाहिला. व्रण नाही.

हनुवटीवरचा तीळसुद्धा नाही. तो कधी गेला, मला सांगता येणार नाही. काल चादरीवरचा काळा कण मी कोळसा समजून नखानं खरवडून गाळणीत झटकला.

तिला सांगितलं, यापुढे पाण्याला हात लावायचा नाही. ती बरं म्हणाली. मी इंजिनखाली गेलो. तासाभरानं वर आलो तर यंत्र चालू, आणि तिचे हात आत. म्हणाली, हातांना बरं वाटतं, जड असलेलं काहीतरी उतरतं.

२५ जून, रविवार.

चंद्रमोहन पाणी घेऊन आला. पिरोगीतूनच ओरडला, भावजी, ताई कुठाय? हिरा माझ्या शेजारी उभी होती.

मला वाटलं, थट्टा. त्यानं तिच्याकडे पाहिलं, नमस्कार केला. परक्या बाईला करतात तसा. मला बाजूला घेऊन हळूच विचारलं की ही कोण आणली, आणि ताईला हे ठाऊक आहे का. मी त्याची गळपट्टी धरली. त्यानं माझी. हिरा आमच्याकडे बघत होती. भांडण कुणाचं आहे ते तिला कळत नव्हतं.

तो शिव्या देत गेला. उद्या माणसं घेऊन येतो म्हणाला.

तिचं कपाळ, डोळ्यांच्या कडा, सगळं सपाट झालंय. धुतलेल्या चादरीसारखं. आणि त्या बारा चादरी मी उन्हात पसरल्या, तर त्यांच्यावर बारीक रेघा. हसताना पडायच्या त्या.

२६ जून, सोमवार.

चंद्रमोहन तीन माणसं घेऊन आला. त्याला बाकी काही नको, टाकी उपसून समुद्रात ओतायची. आधीच्या बाईवरून गावातल्यांनी ओळखलं, सगळं पाण्यातच आहे, बोट बाटलेली आहे म्हणतो. मी पाना घेऊन टाकीपुढे उभा राहिलो.

त्याला कसं सांगू? म्हटलं, अरे, ती त्यातच आहे. आधीची नळी असती तर आजवर सगळी वाहून गेली असती. त्या आधीच्या बाईसारखी. माझ्या गाळणीनं तिला धरून ठेवलंय.

आणि गाळणी नसती तर एका वेळेला इतकं पाणी, इतकं धुणं झालंही नसतं. हे त्याला सांगितलं नाही.

ते परत गेले. चंद्रमोहन रडत होता.

२८ जून, बुधवार.

हिरा बोलत नाही. तिला नाव विचारलं. माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि यंत्राकडे बोट दाखवलं.

जे यंत्र एका बाजूनं काढतं ते उलट फिरून भरेल. यंत्राचा पट्टा काढून आठच्या आकड्यासारखा पिळून बसवला. खुंट उलटा, पंपही उलटा जोडला. टाकीतलं सगळं पाणी आत. तो अभ्रा, त्या चादरी आत. तिचे हात मी धरून पाण्यात बुडवले. वीस मिनिटं. घड्याळ लावून.

२८ जून, दुपारी.

उतरलं — पण माझ्यावर.

माझे हात तिच्या हातांवर होते. तिला जाऊन पोचायच्या आधी सगळं माझ्यावर बसलं. डाव्या मनगटाच्या वर तुळस, पाच ठिपके. उजव्या तळव्यावर तेलाचा व्रण. त्याची आग आत्ता होतेय, चोवीस वर्षांपूर्वीची.

आणि नुसती कातडी नाही. मला तिच्या आजीच्या अंगणातली पेरूची फांदी दिसते. मी तिथं कधी गेलो नाही. पहिल्या रात्री नवरा चुलीची मापं समजावत बसला होता आणि ती झोप आवरत हं हं करत होती, ते आठवतं. नवरा म्हणजे मी.

चोवीस वर्षांत यानं एकदाही विचारलं नाही, हिरा, तुला काय वाटतं. हे तिच्यात होतं. व्रणाच्या खाली. एवढं जड हेच असेल.

२९ जून, गुरुवार.

चूक सापडली. पाण्यातलं वरच्या हातावर बसतं, आणि काल वर माझे हात होते; आता तिचं सगळं माझ्यावर आहे. पट्टा पुन्हा सरळ केला. सरळ फिरताना हातावरचं निघतं हे सिद्ध आहे. म्हणजे माझे हात पाण्यात, आणि तिचे कोरे हात त्याच वेळी, माझ्या वर. निघालेलं वरच्या हातावर बसतं. काल बसलं तसंच.

अडचण एकच. पाण्याला तिचं कोणतं अन् माझं कोणतं ते कळणार नाही. माझंही जाईल. त्याला गाळणी मला सुचत नाही.

आज पहिल्यांदा विचारलं, हिरा, तुला काय वाटतं? तिनं हात पुढे केले.

३० जून, शुक्रवार. सकाळी.

डावा हात पाण्यात. उजव्यानं लिहितो. तिचे दोन्ही हात वरून.

सहा मिनिटं. पाच ठिपके गेले माझे. तिच्यावर — हो. फिकट. आले.

नऊ मिनिटं. तुळस आली. साखर कारखान्यातल्या त्या मोठ्या चाकाचं नाव काय — मी ते चार वेळा दुरुस्त केलं. जाऊ दे.

उजवा पण घालायला हवा, व्रण त्यात आहे. थोडा थोडा घालतो, मधेच लिहितो. कागद ओला.

व्रण गेला तिच्याकडे. तिनं हात झटकला. दुखलं तिला! किती बरं —

हनुवटीवर तीळ. कपाळावर रेघा येतायत. आमचं घर कुठल्या गावात — पे — कुलूप लावलं होतं एवढं नक्की.

सही करायची होती कुठेतरी. काय म्हणून.

बाई रडतेय. चांगली बाई आहे. माझे हात ओढून काढायला बघते, मी काढू देत नाही, अजून थोडं राहिलंय असं कुणीतरी मला सांगितलं होतं. ती ओरडतेय, अहो, पुरे, अहो, हात काढा. अहो कुणाला म्हणते? मी मागे वळून बघितलं. इथं तर तिच्याशिवाय कुणी —