क्लिकच चुकतंय

रविवार, ५ जानेवारी, संध्याकाळी ७.४०
यंदा गाणं रेकॉर्ड करायचंच. बास झालं. 'उद्रेक' हा बँड काढून चौदा वर्षं झाली आणि जगापुढे आमचा पुरावा काय, तर मेव्हण्याच्या फोनमधली एक क्लिप, जिच्यात गाण्यापेक्षा तोंडातली थुंकी ओढायचा पंप मोठ्याने ऐकू येतो. ड्रमर डेंटिस्ट असल्याचे परिणाम. प्रॅक्टिस त्याच्याच दवाखान्यात, रविवारी चार ते सात. ड्रम एक्स-रेच्या खोलीत राहतात.
बँड माझा, गाणी माझी, गिटार माझी. बेस मेव्हण्याचा. गातोही तोच, कारण सगळं मीच करायला लागलो तर इतरांना काय उरणार?
पंधरा मार्चला जुन्या छापखान्याच्या हॉलमध्ये शो आहे. स्वतःची गाणी वाजवणारे सहाच बँड घेतात. आम्हाला दर वर्षी नकार. या वेळी पंधरा फेब्रुवारीच्या आत एक गाणं नीट रेकॉर्ड करून पाठवायचं. बायकोला सांगितलं, यंदा त्या स्टेजवर मी नसलो तर गिटार माळ्यावर टाकून देईन. माळ्यावर जागा नाही म्हणाली.
उद्यापासून पहाटे सहाला उठून एक तास रियाज.

मंगळवार, ७ जानेवारी, सकाळी ८.१५
अलार्म वाजला. ऐकूही आला. पण झोपेत एक चाल सुचत होती, उठलो असतो तर ती मोडली असती.
चाल विसरलो.

गुरुवार, ९ जानेवारी
रियाज, अकरा मिनिटं. ट्यूनिंग धरून.

रविवार, १२ जानेवारी
डेंटिस्टने नवं खूळ काढलं. स्टुडिओत म्हणे हल्ली सगळे क्लिकवर वाजवतात. म्हणजे हेडफोनमध्ये एकसारखी टिकटिक चालू राहते आणि आपण तिच्याबरोबर वाजवायचं. मी म्हटलं, रॉक हा मनाचा विषय आहे, घड्याळ दुरुस्तीचा नाही. मेव्हणा म्हणाला, भावोजी, करून तर बघू. माझ्या बायकोचा भाऊ असून पहिला फितूर तोच.
रिसेप्शनिस्ट नेहमीप्रमाणे काउंटरमागे बसून होती. किल्ल्या तिच्याकडे असतात, त्यामुळे बिचारीला दर रविवारी तीन तास आमचं ऐकावं लागतं. मी मधूनमधून तिला रॉक समजावून सांगत असतो. आज तिने विचारलं, सर, तिसऱ्या ओळीनंतर तुम्ही मुद्दाम थांबता का? मी म्हटलं, त्याला फील म्हणतात. तिने मान डोलावली. शिकतेय हळूहळू.

सोमवार, २० जानेवारी, ऑफिसात, दुपारी
काल त्यांनी फोनवर क्लिक लावलंच. गिटारच्या सोलोत ते सरळ सरळ पळत होतं. मी सांगितलं तर दोघे एकमेकांकडे बघायला लागले. अरे, मी वजनमापे निरीक्षक आहे! वीस वर्षं या शहरातले तराजू मी तपासतोय. खरं माप कोणतं आणि खोटं कोणतं, हे मला शिकवणार?
आज जेवणाच्या सुट्टीत तेच ॲप ऑफिसच्या प्रमाणित स्टॉपवॉचशी ताडून पाहिलं. दहा मिनिटं. तीनदा. फरक: शून्य.
म्हणजे दोष यंत्रात नाही, कल्पनेतच आहे. तसा मेसेज ग्रुपवर टाकला. डेंटिस्टने अंगठा पाठवला. कशासाठी ते कळलं नाही.

सोमवार, २७ जानेवारी
रियाज बंद. डाव्या हाताला विश्रांती हवी. खेळाडूसुद्धा मॅचआधी घेतात.

रविवार, २ फेब्रुवारी, संध्याकाळी ६.१०
स्टुडिओ! भिंतींना फोम, जमिनीवर गालिचा, आणि मधोमध मी.
रेकॉर्डिस्ट तिशीचा असेल. मला काका म्हणतो. पहिल्यांदा म्हणाला तेव्हाच डोक्यात गेला. ड्रम आणि बेस कालच झाले होते, म्हणजे आज गिटार एकटी. एकूण तेवीस टेक. दर वेळी काचेपलीकडून हात वर करून म्हणायचा, काका, परत एकदा. नवव्या टेकला मी स्पष्ट सांगितलं, क्लिकच चुकतंय. तो म्हणाला, काका, क्लिक कुठे जात नाही. मग एका कानावरचा हेडफोन काढला. अठराव्या टेकला दुसराही काढला. तेव्हा कुठे खरं वाजवायला लागलो!
तेविसाव्यानंतर तो म्हणाला, आलं काका, आता बाकीचं मी बघतो. कबूल केलंन शेवटी. डेंटिस्ट बाहेर फोनवर कोणाशी तरी हळू आवाजात बोलत होता. पेशंट असेल.

मंगळवार, ११ फेब्रुवारी
गाणं आलं. शब्द नाहीत माझ्याकडे.
सहा वेळा ऐकलं. गिटार काय वाजलीय! सोलो तर अंगावर काटा आणतो. त्यात दोन-तीन जागा अशा आहेत की त्या मी घेतल्याचं मला आठवतच नाही. भान हरपणं म्हणतात ते हेच. उगाच नाही मी इतकी वर्षं पहाटे उठायचं ठरवत होतो.
बायकोला ऐकवलं. ती पोळी लाटायची थांबली. हे तू वाजवलंस, असं विचारलं. मी म्हटलं, मग काय शेजाऱ्यांनी? तिने पुन्हा लावायला सांगितलं. लग्नाला सोळा वर्षं झाली, माझी गिटार पुन्हा लाव असं ती पहिल्यांदा म्हणाली. डोळ्यांत पाणी आलं माझ्या. कांदा नव्हता.

मंगळवार, १८ फेब्रुवारी
निवड झाली! सहा बँडांत 'उद्रेक'! संयोजकाने डेंटिस्टला फोन केला आणि म्हणाला, गिटार खास आहे. डेंटिस्टने हे मला सांगताना इतका पडेल आवाज का काढावा? माणसाला दुसऱ्याचं कौतुक सोसत नाही हेच खरं.

गुरुवार, २० फेब्रुवारी, संध्याकाळी
सोलो स्टेजवर जसाच्या तसा वाजवायला हवा, लोक रेकॉर्डिंग ऐकून येणार. म्हणून बसवायला घेतला. माझाच सोलो, दहा मिनिटांत बसेल.

शनिवार, २२ फेब्रुवारी
बसला नाही. चौथ्या सेकंदाला बोट जिथे जायला हवं तिथे पोचेपर्यंत गाणं पुढे निघून जातं. तारा जुन्या झाल्या असणार. नव्या घातल्या.
नव्या तारांवरही तेच. सरावल्या नाहीत अजून.

रविवार, २३ फेब्रुवारी
मेव्हण्याला विचारलं, अरे, ही जागा मी कशी घेतली होती? तू तर मिक्सिंगला होतास. तो बेसच्या खुंट्या पिळायला लागला. डेंटिस्टला विचारलं तर त्याला एकाएकी हात धुवायचे होते.
काउंटरमागून रिसेप्शनिस्ट म्हणाली, सर, तिथे करंगळी नाही, तिसरं बोट. मग घसरत खाली यायचं.
करून पाहिलं. चक्क जमलं, अर्धं. मी तिचं कौतुक केलं, म्हटलं, ऐकून ऐकून तुमचा कान तयार झालाय. ती लालबुंद झाली. मेव्हण्याला ठसका लागला. घरी आल्यावर बराच वेळ गिटार न वाजवता मांडीवर घेऊन बसलो होतो. कसला विचार करत होतो कोण जाणे.

शनिवार, १ मार्च, दुपारी १.३०
सोलो हळू करून मिळावा म्हणून स्टुडिओत गेलो. रेकॉर्डिस्टने कॉम्प्युटरवर गाणं उघडलं. एकाखाली एक रंगीत पट्ट्या, प्रत्येकीवर नाव. ड्रम. बेस. आवाज. मग 'गिटार ताई'. आणि अगदी तळाला राखाडी रंगाच्या, बंद केलेल्या, तेवीस पट्ट्या. 'गिटार काका'.
ताई कोण, असं विचारलं. तो पाणी आणतो म्हणून गेला आणि रिकाम्या हाताने परत आला. म्हणाला, मला वाटलं तुम्हाला माहीत असेल. डॉक्टरांच्या दवाखान्यात असतात त्या. दहा वर्षं वाजवतात. दोन तासांत करून गेल्या.
मी म्हटलं, काका लाव. नको म्हणत होता. मी म्हटलं, लाव. तेविसावा, ज्याला तू आलं म्हणालास तो.
ऐकला. ड्रम आहेत, बेस आहे आणि मागे कुणीतरी गिटार घेऊन जिन्यावरून पडतोय. शेवटी सगळे थांबतात तेव्हा मी आणखी दीड सेकंद वाजवतो. एकटाच.
चार मिनिटं अकरा सेकंद. वाईट वाटलं. फार वाईट वाटलं. घरी आलो तर बायको तेच गाणं गुणगुणत होती.

रविवार, २ मार्च
प्रॅक्टिसला गेलो नाही. साडेचारला दोघे घरी आले. मी आधी खूप बोललो. दगा, पाठीत सुरा, चौदा वर्षं, सगळं. डेंटिस्ट खाली बघून ऐकत होता. मग म्हणाला, तारीख जवळ आली होती आणि सांगायची हिंमत झाली नाही. तिचा आग्रह होता की तुला विचारून करावं, मीच नको म्हटलं. चूक माझी. आणि म्हणाला, बँड तुझा आहे. शोला तू वाजवणार असशील तर तूच वाजव, आम्ही मागे उभे राहू.
मेव्हणा म्हणाला, भावोजी, खरंच.
ओरडले असते तर बरं झालं असतं. मी म्हटलं, मीच वाजवणार. तेरा दिवस आहेत. रोज दोन तास. क्लिकवर.

बुधवार, ५ मार्च
दोन तास. खरेखुरे. घड्याळ लावून.
क्लिक कुठेही पळत नाही.

रविवार, ९ मार्च
प्रॅक्टिस. सोलोत तीनदा थांबावं लागलं. डेंटिस्ट प्रत्येक वेळी नव्याने चार मोजायचा, लहान मुलाच्या दाताला हात लावताना बोलतो तशा आवाजात. रिसेप्शनिस्ट आज काउंटरमागे नव्हती, किल्ल्या ठेवून बाहेर बाकावर जाऊन बसली होती. मला तिचा राग यायला हवा होता. केव्हापासून प्रयत्न करतोय.

बुधवार, १२ मार्च
मनगट दुखावलं म्हणून ग्रुपवर कळवलं. शोला गिटारवर रिसेप्शनिस्ट बाईंना घ्या, असंही लिहिलं.
(दुखावलेलं नाही.)
दोघांपैकी कोणीही कोणतं मनगट म्हणून विचारलं नाही.

शनिवार, १५ मार्च, संध्याकाळी ७.५०
हॉल भरला होता. मी मागे, दाराशी उभा राहिलो. मनगटाला पट्टी बांधली होती, बायको घरून निघताना उजव्याला की डाव्याला एवढंच म्हणाली.
'उद्रेक' सव्वासहाला. रिसेप्शनिस्ट साध्या काळ्या शर्टात, मान खाली घालून उभी. मग वाजवायला लागली. काय वाजवते ती! मेव्हणा माझे शब्द गात होता आणि पहिल्या रांगेतल्या दोन-तीन पोरींना ते पाठ होते. मी लिहिलेले. मला ओरडून सांगावंसं वाटत होतं.
दुसऱ्या कडव्याला सगळा हॉल तालावर टाळ्या वाजवायला लागला. मीही वाजवल्या, अगदी मनापासून, पट्टीचं भान न ठेवता. शेजारच्या बाईंनी थोडा वेळ माझ्याकडे पाहिलं. मग त्यांच्या टाळ्या चुकायला लागल्या. मग त्या पलीकडे जाऊन उभ्या राहिल्या.
मेव्हण्याने स्टेजवरून माझं नाव घेऊन गाणं यांचं म्हणून सांगितलं. लोकांनी मागे वळून पाहिलं. मी पट्टीवाला हात वर केला.

मंगळवार, १८ मार्च, दुपारी
दवाखान्यात गेलो. दाढ दुखते म्हणून सांगायचं ठरवलं होतं. काउंटरशी पोचल्यावर ते तोंडातून निघालंच नाही. म्हटलं, मला शिकवाल का?
तिने आधी माफी मागितली. मग मी मागितली, कशाची ते दोघांनाही नीट सांगता आलं नाही. म्हणाली, सर, गाणं आवडलं नसतं तर मी हात लावला नसता. मग अपॉइंटमेंटचं रजिस्टर उघडून पेशंटसारखं माझं नाव लिहिलं. मंगळवार, शुक्रवार, दीड वाजता.

शुक्रवार, २१ मार्च, दुपारी २.४०, ऑफिसात
पहिला तास. गिटार पिशवीतून काढूच दिली नाही. महिनाभर नुसत्या टाळ्या, फोनमधल्या टिकटिकीबरोबर. वेटिंग रूममध्ये दोन पेशंट बसले होते. एकाचा गाल सुजून टम्म झाला होता आणि तो माझ्याकडे दयेने बघत होता.
चाळीस मिनिटं टाळ्या वाजवल्या. तळवे लाल झाले. शेवटी ती म्हणाली, मधे एकदा सलग आठ अगदी बरोबर पडल्या.
आठ! सलग! ऑफिसपर्यंत चालत आलो. वाटेत मेव्हण्याला फोन केला, बायकोलाही केला. ती म्हणाली, बरं झालं, आणि खरंच बरं वाटल्यासारखं म्हणाली.
आता टेबलाशी बसून मघापासून आठवून बघतोय. त्या आठ नेमक्या कोणत्या होत्या, ते काही मला कळलेलं नाही.