व्हिनेगरचा एक थेंब

वाल्मिकमामांना सुरतजवळच्या उधन्याहून हर्षालीचा नमस्कार.

विहीर खोदताना मिळालेला तुमचा काळा दगड मी जिवापाड जपते. पप्पांच्या कपड्यांवरून लूमचा कापूस उडून त्याच्या पांढऱ्या स्फटिकांत अडकतो, म्हणून रोज मऊ ब्रशने झाडते. आई हसते, "आते दगडले पावडर बी लावशी का?"

रविवारी कॉलेजच्या प्रदर्शनात तो मांडायचा आहे. स्फटिक ओळखायला मला तुम्हीच शिकवलंत, आणि हा किमती अपोफिलाइट आहे असं आमच्या सगळ्या गल्लीला सांगितलंत. पण मामा, काल गळून पडलेल्या कणावर मी व्हिनेगरचा थेंब टाकला, तर बुडबुडे आले; अपोफिलाइटवर ते येत नाहीत. म्हणजे हा साधा कॅल्साइट आहे. नावाच्या चिठ्ठीवर खोटं लिहवत नाही, आणि खरं नाव तुम्ही चारचौघांत वाचावं, हेही मला सोसणार नाही.

म्हणून हे पत्र पाठवत नाही. शनिवारी तुम्ही याल तेव्हा चिठ्ठी कोरीच असेल. एक कण आणि बाटली तुमच्यासाठी ठेवली आहे. थेंब तुम्ही टाका, नाव तुम्हीच सांगा. मी लिहून घेईन, लहानपणी घ्यायचे तसंच.

तुमचीच भाची,
हर्षाली