पिठातलं कळतं कुणाला

९ नोव्हेंबर, दुपारी तीन

ती. जाऊबाईंना,

नमस्कार. वाकून केला असं समजा. कंबर धरली आहे, म्हणून बसूनच.

इकडे सगळं बरं. ह्यांचा गुडघा कुरकुरतो, आणि ते स्वतः गुडघ्याहून जास्त. कारखान्यात शिवणाऱ्या बायका आता अडीचशे झाल्या, म्हणजे आपल्या पोळ्या पाचशे. सकाळी आठला डबे भरायचे आणि त्यांनी खायच्या दुपारी एकला, हे तुम्ही असताना होतं तसंच.

परवा तुमच्या सूनबाईंचा फोन आला. "काकू, चार प्रकारची पाकिटं आणून झाली. सकाळची पोळी संध्याकाळी वातड होते. आईंना विचारलं तर म्हणतात, पिठातलं मला काय कळतंय, धाकट्या काकूंना विचार."

सांगते म्हटलं आणि फोन ठेवला. 

हे पत्र तिलाही वाचायला द्या. पूर्ण द्या. पांढऱ्याशुभ्र पिठाला भुलू नकोस म्हणावं. त्यात मैदा असतो. पोळी तव्यावरून उतरते तेव्हा मऊ आणि गार झाली की चामडं. जरा पिवळसर, कोंड्याचे बारीक ठिपके दिसतात ते घ्यावं. चिमूटभर बोटांत चोळून बघावं, रव्यासारखं लागलं तर नको. गहू आणून दळून घेतला तर उत्तमच, पण आधी पाचसहा दाणे चावत राहावं. तोंडात चिकट गोळी झाली तर गहू चांगला, त्याची पोळी न फाटता ताणली जाते. गिरणीतलं गरम पीठ लगेच डब्यात कोंडू नये. आणि मळताना ते पाणी किती पितंय ते बघावं. चांगलं पीठ मागून मागून पाणी घेतं.

यातलं एक अक्षर माझं नाही. तुम्ही गिरणीत दाणे चावत उभ्या राहायच्या आणि गिरणीवाला म्हणायचा, "बाई, निम्मं पोतं इथंच संपवताय." पण तुम्ही मान हलवली की निमूटपणे दुसरं पोतं उघडायचा.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. दोन पत्रं इकडचं तिकडचं लिहून फाडली.

तीन वर्षांपूर्वी पोळ्या परत आल्या, त्या दिवसाचं. अर्ध्या तोडून टाकलेल्या, टोपलीभर. कारखान्याचे व्यवस्थापक स्वतः आपल्या स्वयंपाकघरात आले, टोपली ओट्यावर ठेवली आणि सगळ्या बायकांसमोर विचारलं, "कणीक कोण मळतं?" मी पोळपाट पुसत होते. पुसतच राहिले. तुम्ही म्हणालात, "मी मळते. चूक माझी." ते म्हणाले, "वय झालं तुमचं. हात गेला." मग सगळेच तसं म्हणायला लागले, ह्यांच्यासकट. दोन महिन्यांत तुम्ही मुलाकडे राहायला गेलात.

पीठ मी बदललं होतं, जाऊबाई. आदल्या दिवशी गिरणीचा पट्टा तुटला, दळण झालं नाही. मी दुकानातलं पांढरं पीठ आणलं आणि आपल्या डब्यात ओतलं. लाटायला सोपं, दिसायला छान, कुणाला कळणार आहे? विचारलं असतं तर तुम्ही नको म्हणाला असता, म्हणून विचारलं नाही.

इतके दिवस मी मनाची समजूत घालत होते की तुम्हालाही कळलं नाही, म्हणजे हात गेलाच असेल. गेल्या सोमवारी नव्या मदतनीस बाईंनी चुकून तसलंच पीठ परातीत काढलं. मी अर्धा तांब्या पाणी घातलं, बोटं फिरवली आणि कळलं. मला कळलं! दहा वर्षं तुमच्याशेजारी उभं राहून जिला जेमतेम एवढंच आलं, तिला. मग तुम्हाला त्या सकाळी कळलं नसेल? आता आठवतं. तुम्ही हात थांबवलात, माझ्याकडे पाहिलंत, मग घड्याळाकडे. आणि तेलाचा हात जरा जास्त लावून मळत राहिलात. कळूनही चूक अंगावर घ्यायला केवढं मन लागतं. मला नसतं जमलं.

काल व्यवस्थापकांना जाऊन सगळं सांगितलं. म्हणाले, "आता सांगून काय उपयोग?" मी म्हटलं, "तुम्ही चारचौघांत बोललात, मीही चारचौघांत सांगणार." जेवणाच्या सुट्टीत बाकांच्या मधे उभी राहून सांगितलं. बटणांची काजं करणाऱ्या बाई, ज्यांना तुम्ही जिभेच्या धारेवरून 'कात्री' म्हणायच्या, त्या तेवढ्या बोलल्या: "आम्हाला वाटलंच होतं. त्यांचा हात जायचा नाही." माझ्याशी दिवसभर कुणी बोललं नाही. बरोबरच आहे. घरी ह्यांना सांगितलं, तर पाणी पिऊन म्हणाले, "म्हणजे वहिनीला आपणच घालवलं."

परत या म्हणायला मला तोंड नाही. पण सूनबाईंना पिठातलं तुम्हीच शिकवा. मला काही कळत नाही असं म्हणणं आता सोडा. माझी लाज राखायची गरज उरली नाही, ती अडीचशे बायकांना ठाऊक झाली. रागवायचं असेल तर फोनवर नको, लिहून रागवा. मी ते जपून ठेवीन.

तुमच्या हाताखाली शिकलेली,
धाकटी